जुन्या ट्रकमध्ये एलएस इंजिन बसवताय? हेडर सगळ्यात शेवटी घ्या

१९७२ च्या शेव्हरोले सी१० पिकअप ट्रकमध्ये ५.३ लिटरचं एलएस इंजिन टाकायचं ठरलं तेव्हा मी पहिली वस्तू विकत घेतली ती हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, आणि तिथंच चुकलो. सेल लागला होता, स्टेनलेसचे लाँग ट्यूब, चकाचक, खोक्यावर लिहिलेलं की ६७ ते ७२ च्या ट्रकला बसतात, म्हटलं घेऊन ठेवू. इंजिन अजून भंगारवाल्याच्या यार्डातून घरीसुद्धा आलं नव्हतं. दोन महिन्यांनी इंजिन फ्रेममध्ये उतरवलं आणि हेडर लावायला गेलो तर ड्रायव्हरच्या बाजूची एक नळी स्टिअरिंगच्या रबरी कपलिंगपासून जेमतेम ४ मिलिमीटरवर, आणि पॅसेंजर बाजूचा कलेक्टर, म्हणजे नळ्या एकत्र मिळतात ती जागा, सरळ गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरवर, फ्रेमच्या आडव्या पट्टीवर, जाऊन बसलेला. नळी एकदा लावून बघितल्यामुळे दुकानदार परत घेईना. शेवटी पाऊण किमतीत दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकले.

म्हणून हे सगळं लिहितोय. मी मिशिगनमध्ये राहतो, इकडे ऑटोच्या नोकऱ्यांमुळे मराठी माणसं बरीच आहेत आणि त्यातल्या दोन-तीन जणांनी आता असाच जुना ट्रक घेतलाय, आणि प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो की हेडर कुठले घेऊ. माझं उत्तर एकच, हेडर सगळ्यात शेवटी. आधी इंजिन कुठं बसणार ते पक्कं करा, मग स्टिअरिंग, मग ऑइल पॅन (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), मग गिअरबॉक्स, आणि हे सगळं जागेवर आल्यावर जी जागा उरेल ती हेडरची. उलट्या क्रमानं गेलात की प्रत्येक गोष्ट हेडरच्या मर्जीनं हलवत बसावी लागते.

ज्यांना हेडर म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, बुलेटचा बेंड पाइप असतो ना, हेडमधून निघून सायलेन्सरकडे जाणारा, तेच. फक्त व्ही८ ला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला, एका बाजूला चार असे दोन्ही बाजूंना मिळून आठ बेंड पाइप, आणि एका बाजूचे चार पुढं जाऊन एका जाड नळीत मिळतात, त्या जागेला कलेक्टर म्हणतात. कंपनीतून येतो तो ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड असतो, आखूड, जाड, जड. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वेगळी नळी मिळते.

आता इंजिन. जनरल मोटर्सचं एलएस म्हणून जे ओळखलं जातं ते १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये पहिल्यांदा आलं आणि १९९९ पासून त्यांच्या ट्रकमध्ये ४.८, ५.३ आणि ६.० लिटरमध्ये यायला लागलं. मी घेतलं ते २००४ च्या सिल्व्हेराडोमधलं ५.३, एलएम७ म्हणतात त्याला, ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमची. आपल्या कामाची गोष्ट अशी की या जनरेशन तीन आणि चारच्या सगळ्या इंजिनांचं एक्झॉस्टच्या बाजूचं बोल्टांचं माप सारखंच आहे, म्हणजे ४.८ साठी बनवलेला हेडर ६.० च्या हेडवर बसतो. इनटेकची पोर्टं वेगवेगळ्या आकाराची येतात पण एक्झॉस्टला त्याचा त्रास नाही. मात्र २०१४ पासून ट्रकमध्ये आलेली पुढची पिढी, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारी, तिचं माप वेगळं, तिथं एलएसचे हेडर लागत नाहीत. आणि जुन्या स्मॉल ब्लॉकचे म्हणजे माझ्या ट्रकमध्ये आधी होतं त्या ३०७ चे हेडर तर अजिबात नाही, त्याची मधली दोन पोर्टं एकमेकांना चिकटून असतात, एलएसची चारही सारख्या अंतरावर. यार्डात कुणी म्हणेल शेव्हीचं शेव्हीला बसतं, तर ऐकू नका.

इंजिन कुठं बसणार हे ठरवतात माउंट, म्हणजे इंजिनाला फ्रेमवर धरणारे आधार. जुन्या फ्रेमवरचे माउंट स्मॉल ब्लॉकसाठी असतात, एलएसच्या ब्लॉकवरची भोकं वेगळ्या जागी, मध्ये एक ॲडॉप्टर पट्टी लागते. ही पट्टी बाजारात बऱ्याच प्रकारची मिळते, काही इंजिन जुन्या जागेवर ठेवतात, काही एक इंच पुढं किंवा मागं, काहींना लांबट खाचा असतात म्हणजे सरकवता येतं. आणि हेडर बनवणारा माणूस स्वतःच्या किंवा ठराविक एखाद्या माउंटवर इंजिन ठेवून नळ्या वाकवतो. तेव्हा "६७ ते ७२ ला बसतो" हे अर्धंच वाक्य झालं, कुठल्या माउंटवर, इंजिन किती मागं, हा उरलेला अर्धा भाग खोक्यावर नसतो, तो बनवणाऱ्याच्या सूचनापत्रकात असतो आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतं. पैसे देण्याआधी ते पत्रक वाचा. त्यात माउंट, ऑइल पॅन, गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर, कधीकधी स्टिअरिंग शाफ्टसुद्धा कुठला हवा ते लिहिलेलं असतं. हूकर, हेडमन अशा जुन्या कंपन्या या ट्रकसाठी एलएसचे हेडर बनवतात, कुणाचेही घ्या, पण शक्य असेल तर माउंट आणि हेडर एकाच घरचे घ्या. मी दुसऱ्यांदा तेच केलं आणि दोन तासात दोन्ही बाजू बसल्या.

तरी मोजल्याशिवाय घेऊ नका. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून क्रेननं फ्रेममध्ये उतरवा, माउंटवर बसवा, गिअरबॉक्सखाली क्रॉसमेंबर लावा, मागच्या शाफ्टचा कोन जुळवा, बोल्ट हातानं आवळा. ऑइल पॅन, फिल्टर, स्टार्टर, डिपस्टिक, एसी कॉम्प्रेसर, सगळं लावलेलं हवं, कारण हे सगळे हेडरचे शेजारी आहेत. मग टेप घेऊन खाली झोपा. ट्रक चार जॅक स्टँडवर नीट, एकट्या जॅकच्या भरवशावर कधीच खाली जायचं नाही.

ड्रायव्हरची बाजू आधी बघा, अमेरिकेत डावीकडची, कारण नव्वद टक्के भानगडी तिकडेच आहेत. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) स्टिअरिंगचा शाफ्ट खाली येतो आणि फ्रेमवरच्या स्टिअरिंग बॉक्सला मिळतो. ७२ च्या ट्रकमध्ये या सांध्यावर रबर आणि कापडाची एक जाड चकती असते, इकडे तिला रॅग जॉइंट म्हणतात. ही चकती मी हातात घेऊन बघितलीय, पन्नास वर्षांची, कडेला भेगा पडलेली, आणि नखानं खरवडली तर काळा चुरा पडतो. आता तिच्या शेजारून चार मिलिमीटरवरून नळी जाणार, ती नळी चढावर लोड असताना सहज तीन-चारशे अंश सेल्सिअसला जाते. रबर आधी कडक होतं, मग फुटतं, आणि हा काही हॉर्नचा पार्ट नाही, हे स्टिअरिंग आहे. म्हणून माझं मत असं की या ट्रकमध्ये एलएस आणि हेडर टाकताय तर रॅग जॉइंट काढून स्टीलचा युनिव्हर्सल जॉइंट आणि डबल-डी शाफ्ट (दोन बाजू सपाट असलेला) घालाच, खर्च आहे पण जागाही जास्त मिळते कारण तो बारीक असतो. आणि तो घातल्यावरच हेडरची जागा मोजा. शाफ्ट लावून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, जॉइंटचे कान फिरताना नळीकडे येतात, उभं असताना जागा दिसते आणि फिरवल्यावर घासतं.

त्याच बाजूला मागं ऑइल फिल्टर आहे, ट्रकच्या पॅनवर. लाँग ट्यूबमध्ये पाच आणि सात नंबरची नळी तिथूनच खाली उतरते. फिल्टर निघतो का एवढंच नाही, हेडर लावलेला असताना फिल्टर फिरवून खाली ओढता येतो का ते बघा, नाहीतर दर ऑइल चेंजला हेडर सैल करत बसाल. मॅन्युअल गिअर असेल तर क्लचचं जुनं लोखंडी लिंकेज, ब्लॉक आणि फ्रेमच्या मधलं, ते बहुतेक हेडरच्या वाटेत येतं, तिथं हायड्रॉलिक क्लच हाच सरळ मार्ग. ऑटोमॅटिक आणि स्टिअरिंग कॉलमवरचा गिअर असेल तर त्याचा रॉडही याच बाजूनं खाली येतो, तो सगळ्या गिअरमध्ये हलवून बघा. फ्रेमच्या आतल्या कडेनं ब्रेकची लाइन जाते, तिचं अंतर वेगळं मोजा.

पॅसेंजर बाजूला स्टार्टर, डिपस्टिक, गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक आणि कुलरच्या लाइनी, आणि ट्रकच्याच ब्रॅकेट वापरल्या तर पुढं खाली एसी कॉम्प्रेसर. स्टार्टरचं काय होतं तर गरम इंजिन बंद केलं, पेट्रोल भरलं, दहा मिनिटांनी चावी फिरवली आणि नुसता टक आवाज. उष्णता आत मुरलेली असते. एक इंच तरी हवा मध्ये, आणि ती नसेल तर स्टार्टरला उष्णतारोधक गुंडाळी घाला, पण आधी एक इंच शोधा.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. इंजिन स्थिर नसतं. गॅस दाबला की ते माउंटच्या रबरावर कलतं, ड्रायव्हरची बाजू वर उचलली जाते आणि पॅसेंजरची बाजू खाली फ्रेमकडे दबते. म्हणजे ड्रायव्हर बाजूला नळीच्या वर काय आहे ते बघायचं आणि पॅसेंजर बाजूला नळीच्या खाली काय आहे ते. माझा हिशेब असा आहे, लोखंडापासून चार सूत म्हणजे अर्धा इंच, रबर, वायर आणि तेला-पेट्रोलच्या लाइनींपासून एक इंच आणि वर शील्ड. संशय असेल तिथं पोरांच्या खेळण्यातली क्ले नळीवर गोळा करून चिकटवा, लोखंडी पहार घालून इंजिन माउंटवर हलवा, आणि क्ले किती दबली ते वर्निअरनं मोजा. पेट्रोलच्या लाइनीबद्दल मी जास्त कडक आहे कारण या इंजिनात लाइनीत ५८ पीएसआय दाब असतो, जुन्या कार्ब्युरेटरच्या पाच-सहा पीएसआयची सवय विसरा, गळती झाली तर थेंब पडत नाही, फवारा उडतो. हेडरजवळून नायलॉनची लाइन नको म्हणजे नकोच.

फोर बाय फोर म्हणजे के१० असेल तर गणित बदलतं, ७३ ते ८७ च्या ट्रकमध्ये पुढच्या चाकांना जाणारा शाफ्ट पॅसेंजर बाजूनं जातो, ट्रान्सफर केसही (पुढच्या चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्स) तिकडेच, आणि लाँग ट्यूबचा कलेक्टर नेमका तिथं उतरतो. टू व्हील ड्राइव्हचा हेडर "थोडं ॲडजस्ट करून" बसेल असं समजू नका.

आता प्रकार. सगळ्यात आधी डोनर ट्रकचेच, म्हणजे इंजिन ज्या ट्रकमधून काढलं त्याचेच, मॅनिफोल्ड लावून बघा, मी खरंच सांगतोय, फुकट आलेले असतात, आवाज करत नाहीत, गॅस्केट जळत नाही, आणि इंजिन स्टॉक म्हणजे काही न बदललेलं असेल तर रोजच्या चालवण्यात फरक फार थोडा. माझ्याकडे पॅसेंजर बाजूचा छान बसला, ड्रायव्हर बाजूचं तोंड फ्रेमच्या अगदी अंगावर येत होतं. काही लोक २०१० नंतरच्या व्ही८ कॅमारोचे मॅनिफोल्ड लावतात, ते ब्लॉकला जास्त चिकटून असतात. हे जमलं तर हेडरचे पैसे वाचवून चांगल्या रेडिएटरवर घाला.

नाही जमलं तर शॉर्टी, मिड आणि लाँग. शॉर्टी म्हणजे नळ्यांचा मॅनिफोल्ड, जागेसाठी घ्यायचा, ताकदीसाठी नाही. लाँग ट्यूबची ताकद खरी आहे आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. या इंजिनाची फायरिंगची रांग, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-७-२-६-५-४-३. विषम सिलिंडर डावीकडे, सम उजवीकडे. रांगेत २ नंतर लगेच ६ आहे, दोन्ही उजवीकडचे, आणि ३ नंतर परत १, दोन्ही डावीकडचे. म्हणजे प्रत्येक बाजूला एकदा असं होतं की एका सिलिंडरचा धूर बाहेर पडतोय तोवर फक्त ९० अंशांनी शेजारपाजारचा दुसरा धूर सोडतो. आखूड मॅनिफोल्डमध्ये हे दोन झोत एकमेकांवर आदळतात. लांब वेगळ्या नळ्या दिल्या की प्रत्येक झोत कलेक्टरपर्यंत आपापल्या वाटेनं जातो, आणि जाताना मागं कमी दाबाची लाट सोडतो, ती लाट वेळेवर परत आली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. लांबीनं ही वेळ ठरते, लांब नळी खालच्या आणि मधल्या आरपीएमला उपयोगी, ट्रकला तेच हवं असतं.

मग सगळ्यांनी लाँग ट्यूबच घ्यावेत का, तर नाही, कारण कलेक्टर. ट्रकची उंची जर कमी केलेली असेल तर कलेक्टर फ्रेमच्या खाली लोंबतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला किंवा ड्राइव्हवेच्या उंचवट्याला खरवडतो. फ्रेमच्या खालच्या कडेला एक सरळ पट्टी लावा, कलेक्टर तिच्या वर राहिला पाहिजे. मी शेवटी मिड-लेंग्थ घेतले, कलेक्टर गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या (बेल हाउसिंगच्या) शेजारी संपतो, क्रॉसमेंबर मोकळा, आणि गिअरबॉक्स काढायचा झाला तर एक्झॉस्ट सोडवावा लागत नाही. ४एल६०ई सारखा जुना गिअरबॉक्स वापरणार असाल तर ही शेवटची गोष्ट लहान समजू नका, तो कधी ना कधी बाहेर येतोच.

नळीच्या जाडीत लोक हमखास मोठं घेतात. तीन मापं चालतात, एक इंच पाच सूत, पावणेदोन इंच आणि एक इंच सात सूत. मी पहिले घेतलेले एक इंच सात सूतवाले, स्टॉक ५.३ साठी, म्हणजे पाय सातचा आणि बूट दहाचा. रुंद नळीत धुराचा वेग मरतो, वेग मेला की ती ओढणारी लाट मरते, आणि नुकसान कुठं होतं तर नेमकं सिग्नलवरून निघताना, ट्रेलर ओढताना. स्टॉक ४.८ किंवा ५.३ ला एक इंच पाच सूत पुरेसं आहे, थोडा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदललाय किंवा पुढं बदलणार आहात तर पावणेदोन. एक इंच सात सूत हे ६.० आणि त्याहून मोठ्या, मोठा कॅम असलेल्या, वरच्या आरपीएमला पळणाऱ्या इंजिनासाठी. जाड नळी म्हणजे शाफ्टजवळची जागाही कमी, ते वेगळंच. कलेक्टर अडीच किंवा तीन इंच, पुढची पाइप अडीच इंचाची जोडी ५.३ ला भरपूर होते.

धातू निवडताना तुम्ही राहता कुठं ते बघा. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ सगळं खातं. मी ट्रक हिवाळ्यात काढत नाही तरी गॅरेजमधल्या ओलाव्यानं सुद्धा साध्या स्टीलवरचा काळा रंग एका उन्हाळ्यात जळतो आणि दुसऱ्या वर्षी नारिंगी गंज. साधं स्टील घ्यायचं तर सिरॅमिक कोटिंग केलेलं घ्या, आतून बाहेरून दोन्ही, त्यानं बॉनेटखालची उष्णताही कमी होते. ४०९ स्टेनलेस म्हणजे कंपन्या स्वतः सायलेन्सरला वापरतात ते, चुंबक चिकटतं, वरून तांबूस होतं पण सडत नाही. ३०४ चमकतं, सगळ्यात महाग, पण गरम झाल्यावर साध्या स्टीलपेक्षा जास्त पसरतं, म्हणून स्वस्तातलं ३०४ वेल्डजवळ तडकतं. आणि साध्या स्टीलवर कापडी रॅप गुंडाळू नका, छान दिसतं, पण ओलावा आत धरून ठेवतं आणि नळी आतल्या आत खाल्ली जाते.

हेडर हातात आला की फ्लँज, म्हणजे हेडला बोल्टनं लागते ती जाड पट्टी, बघा. जाडीचं दुकानदार काहीही सांगेल, सरळ वर्निअर लावा, तीन सूत म्हणजे ३/८ इंच जाड असेल तर उत्तम. फ्लँज काचेवर किंवा लेथच्या सपाट टेबलावर ठेवा आणि मागून बॅटरी मारा, उजेड दिसला तर वाकलाय, परत करा, लावून बघायच्या आधी परत करा. आत बोट घालून वेल्डची उंची बघा, पोर्टमध्ये ढेकूळ आलं असेल तर फाइलनं घासावं लागतं. नळीचं शीट १६ गेज असावं, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज हलकं असतं पण गंजायला लवकर. आणि प्रत्येक स्पार्क प्लगला पाना जातो का, प्लगच्या वायरचं रबर नळीला टेकतं का, हे लावल्यावर एकेक करून बघा, आठही. एखाद्या प्लगचं रबर अर्ध्या इंचाच्या आत असेल तर उष्णतारोधक मोजं चढवा.

ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला सांगणारा) जागा स्वस्त हेडरमध्ये हमखास चुकलेली असते. कलेक्टरवर सेन्सर बसवायचं जे आट्यांचं तोंड असतं ते एम१८ x १.५, आणि ते घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये वरच्या बाजूला हवं. खाली तोंड असेल तर थंडीत सुरू करताना पाइपमध्ये जमलेलं पाणी सेन्सरच्या टोकात शिरतं आणि गरम झालेलं सिरॅमिक तडकतं. डोनरच्या वायरिंगपेक्षा सेन्सर मागं गेला तर एक्स्टेन्शन केबल मिळते. आणि सेन्सरच्या आधी कुठंही गळती ठेवू नका, गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि तुम्ही ट्यूनिंगमध्ये चूक शोधत आठवडा घालवता. दोष गॅस्केटचा असतो.

कलेक्टरच्या पुढच्या जोडाला सपाट तीन बोल्टचा फ्लँज नको, तो गळतो. बॉल सॉकेट किंवा व्ही-बँड घ्या, इंजिन कललं तरी तो जोड सांभाळून घेतो.

आता बोल्ट, इथं थोडं थांबतो. ५.३ च्या मॅनिफोल्डचे मागच्या कोपऱ्यातले बोल्ट तुटलेले असणं हे इतकं नेहमीचं आहे की यार्डात इंजिन बघतानाच बॅटरी मारून सातव्या आणि आठव्या सिलिंडरजवळ बघा. थंड सुरू करताना टिक टिक आणि गरम झाल्यावर बंद, हे त्याचंच लक्षण. माझ्या इंजिनात आठ नंबरजवळचा तुटला होता, हेडच्या पृष्ठभागापासून एक सूत आत. इंजिन फ्रेममध्ये जायच्या आधी स्टँडवर असतानाच काढला, आणि हे त्यावेळीच करा. दोन दिवस गंजलेले आटे सोडवणारं भेदक तेल मारत राहिलो. मग तुटलेल्या टोकावर मिग वेल्डिंगनं एक थेंब, त्यावर दुसरा थेंब, असा छोटा मनोरा उभा केला, वरून एक नट ठेवला आणि नटाच्या भोकात वेल्ड भरलं. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे स्टीलचं वेल्ड आट्यांना धरत नाही, हा फायदा. पहिला नट निघून आला. दुसराही. तिसरा लावला, लाल असतानाच मेणबत्तीचं मेण कडेला टेकवलं, ते आत शोषलं गेलं, पाना लावून आधी आवळायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या, मग परत, आणि बारीक कुरकुर करत तो फिरला. घाई करून सरळ ड्रिल घातलं असतं तर ड्रिल स्टीलवरून घसरून ॲल्युमिनियममध्ये गेलं असतं आणि हेड गेलं असतं. नंतर एम८ x १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून आटे साफ केले.

बसवताना गॅस्केट कंपनीच्या मॅनिफोल्डसारखी अनेक थरांची स्टीलची घ्या, हेडरच्या खोक्यात येणारी कागदी फेकून द्या. बोल्ट छोट्या डोक्याचे घ्या, नळ्यांच्या मध्ये पाना जायला जागा राहते. ड्रायव्हर बाजूला स्टिअरिंग शाफ्ट सोडवून हेडर खालून वर घाला आणि मग शाफ्ट जोडा, उलटं करायला गेलात तर शाफ्टही ओरखडतो आणि कोटिंगही. सगळे बारा बोल्ट आधी हातानं, दोन-दोन आटे. मग मधून बाहेर, पहिला फेरा ११ फूट-पाउंड, दुसरा १८. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, "अजून थोडं" करायचं नाही.

कायद्याचं लवकर सांगतो कारण राज्याराज्यात वेगळं आहे. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक नाही, पण १९७६ पासून पुढच्यांना आहे, आणि तिथं इंजिन बदललं तर रेफरीकडे, म्हणजे अशा गाड्या तपासणाऱ्या अधिकृत केंद्राकडे, जावं लागतं, इंजिन ट्रकच्याच वर्षाचं किंवा नवं हवं, डोनर गाडीची धुराची सगळी यंत्रणा सोबत हवी, आणि हेडरवर तिथल्या एअर बोर्डाचा मंजुरी क्रमांक हवा. म्हणजे ८५ चा ट्रक लॉस एंजेलिसमध्ये असेल तर हेडरची निवड त्या क्रमांकापासून सुरू होते, बाकी सगळं नंतर. पुण्या-नाशिकहून जुन्या जीपमध्ये इंजिन बदलायचं विचारणारेही आहेत, त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं, आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार तिथं चालत नाही, इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते, मग पाना हातात घ्या.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा धूर येईल, हातांचं तेल, कोटिंगचा वास, घाबरू नका, पण गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि पंखा लावा. दहा मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन वेळा. मग थंड इंजिनावर टॉर्क रेंच घेऊन बारा बोल्ट परत, १८ वर. माझ्याकडे पॅसेंजर बाजूचे मागचे दोन पाव फेरा सैल निघाले, ड्रायव्हरचा एक. आवळल्यावर ट्रक बाहेर काढला, आठ किलोमीटर फिरवून आणला, परत खाली झोपलो, आणि नळीवरच्या कोटिंगवर घासल्याची एखादी चमकदार रेघ कुठं दिसते का ते बॅटरीनं बघितलं. शाफ्टजवळ नव्हती. फिल्टरजवळ नव्हती. पॅसेंजर बाजूला कुलरच्या लाइनीची एक क्लिप नळीकडे वाकली होती, ती सोडवून फ्रेमच्या बाजूला फिरवली आणि तिथं मध्ये आता पूर्ण एक इंच आहे.